जुन्या रचनांचे भांडवल

आपल्या वर्धापनदिनांना आणि स्मृतिदिनांना जुनी गाणी म्हणण्याचा प्रघात आहे. गाणे सुरू झाले की कार्यकर्ते उभे राहतात, ज्येष्ठांचे डोळे पाणावतात, तरुण मंडळी आदराने टाळ्या वाजवितात. आणि सभा संपली की ती गाणी पुढील वर्षापर्यंत पेटीत बंद होतात. त्या गाण्यांची थोरवी मला मान्य आहे. परंतु दरवर्षी तीच गाणी त्याच चालीत, त्याच क्रमाने ऐकताना मनात एक शंका डोकावते. आपण या गाण्यांचा वारसा चालवीत आहोत, की त्यांवर मिळणारे व्याज खात बसलो आहोत? जुन्या रचनेचे चळवळीने नेमके काय करावयाचे असते?

या प्रश्नाचा विचार करण्यास मला एका इंग्रजी ध्वनिमुद्रिकेची मदत झाली. अर्थशास्त्र शिकविण्यात ज्याची हयात गेली त्याने रॉक संगीताचा दाखला द्यावा, हे काही वाचकांस चमत्कारिक वाटेल. रॉक म्हणजे भांडवलशाही समाजातील तरुणांना झिंगविणारा बाजारी गोंगाट, अशी आपल्यापैकी अनेकांची समजूत आहे, आणि त्या संगीताचा फार मोठा भाग या समजुतीस पात्रही आहे. पण त्याच बाजारात राहून बाजाराशी भांडणारा एक लहानसा प्रवाह १९७० च्या दशकात युरोपात निर्माण झाला होता. प्रोग्रेसिव्ह रॉकची लांब, गुंतागुंतीची बांधणी आणि अवाँ-गार्द संगीताचे प्रयोग यांची सांगड घालणाऱ्या या प्रवाहात इंग्लंडमधील 'हेन्री काऊ' या वाद्यवृंदाचे स्थान महत्त्वाचे आहे. त्यांनी १९७६ साली 'कॉन्सर्ट्स' नावाचा दोन तबकड्यांचा संच प्रसिद्ध केला. त्याविषयी येथे लिहावयाचे आहे.

हा वाद्यवृंद १९६८ साली केंब्रिज विद्यापीठातील फ्रेड फ्रिथ आणि टिम हॉजकिन्सन या दोन विद्यार्थ्यांनी सुरू केला. पुढे जॉन ग्रीव्ह्ज, ड्रमवादक ख्रिस कटलर आणि १९७४ मध्ये बासून व ओबो ही सुषिर वाद्ये वाजविणारी लिंडसे कूपर त्यांना येऊन मिळाली. १९७३ साली 'व्हर्जिन' या तेव्हा नव्यानेच निघालेल्या कंपनीशी त्यांचा करार झाला आणि 'लेजंड' (१९७३), 'अनरेस्ट' (१९७४) व 'इन प्रेझ ऑफ लर्निंग' (१९७५) या ध्वनिमुद्रिका निघाल्या. तिसरीचे नाव ब्रेख्तच्या एका कवितेवरून घेतलेले आहे, एवढ्यावरून या मंडळींचा राजकीय कल ध्यानी यावा. याच सुमारास डाग्मार क्राउझे ही जर्मन गायिका त्यांच्यात सामील झाली. पैसा सामुदायिक, निर्णय बैठकीत, बैठकीची टिपणे लिहून ठेवलेली, ध्वनिव्यवस्था सांभाळणारे सहकारीही चर्चेत सहभागी, अशी त्यांची रीत होती. समाजवाद गाण्याच्या शब्दांत येण्यापूर्वी तो हिशेबाच्या वहीत यावा, हे त्यांना कळले होते. आपल्याकडील कित्येक संस्थांस ते अद्याप कळलेले नाही.

आता प्रत्यक्ष ध्वनिमुद्रिकेकडे वळू. 'कॉन्सर्ट्स'ची पहिली बाजू ऑगस्ट १९७५ मध्ये बीबीसीवरील जॉन पील यांच्या कार्यक्रमासाठी वाजविलेली आहे. वीस मिनिटांहून अधिक काळ चालणारी ही एक सलग मालिका आहे. तिचा आरंभ 'इन प्रेझ ऑफ लर्निंग'मधील एका गीताने होतो. त्यातून वाट निघते ती 'निर्वाणा फॉर माइस' या फ्रिथच्या रचनेकडे, म्हणजे त्यांच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेच्या पहिल्याच रचनेकडे. मग 'ओटावा साँग' येते. पुढे 'मॅचिंग मोल' या दुसऱ्याच वाद्यवृंदाच्या १९७२ सालच्या ध्वनिमुद्रिकेतील एक गीत येते. आणि अखेरीस आरंभीचे गीत पुन्हा परतते. दुसऱ्या बाजूवर लंडनमध्ये मे १९७५ मध्ये झालेल्या जलशाचा अंश आहे. त्यात रॉबर्ट वायट हा गायक त्यांच्यासोबत आहे. १९७३ साली उंचावरून पडल्यामुळे वायटच्या कमरेखालील शरीराची हालचाल कायमची थांबली होती. 'रॉक बॉटम' या त्याच्या १९७४ सालच्या ध्वनिमुद्रिकेतील एक गीत येथे सर्वांनी मिळून सादर केले आहे. त्याच बाजूवर 'रुइन्स' ही 'अनरेस्ट'मधील दीर्घ रचना इटलीतील उडिने येथील जलशात वाजविलेली ऐकावयास मिळते. दुसरी संपूर्ण तबकडी ओस्लो, ग्रोनिंगन आणि उडिने येथे आयत्या वेळी सुचेल तसे वाजविलेल्या संगीताची आहे. त्या भागांना नावेही केवळ त्या त्या गावांची दिली आहेत.

या संचाकडे 'जलशांचे मुद्रण' म्हणून पाहिले तर त्याचे मर्म हाती लागत नाही. जलशांच्या ध्वनिमुद्रिका त्या काळी डझनांनी निघत. त्यांचा हेतू बहुधा एवढाच असे, की घरी ऐकलेले गाणे टाळ्यांच्या गजरासह पुन्हा विकावे. 'हेन्री काऊ'ने जुन्या रचना मोडून नव्याने जुळविल्या. 'निर्वाणा फॉर माइस' पहिल्यांदा मुद्रित झाली तेव्हा वाद्यवृंदात जेफ ली हा सॅक्सोफोनवादक होता आणि त्या रचनेची ठेवण त्याच्या वादनावर उभी होती. १९७५ मध्ये तो तेथे नव्हता. त्याच्या जागी बासून वाजविणारी लिंडसे कूपर होती. बासून हे सॅक्सोफोनसारखे आक्रमक वाद्य नव्हे. तेव्हा जुन्या वादकाच्या जागी नव्याला उभे करून तेच वाजवून घेण्याऐवजी, नव्या हातांना काय साधते हे पाहून रचनेलाच नवा आकार द्यावा लागला. 'रुइन्स'ची गोष्ट आणखी बोलकी आहे. या रचनेतील ताल व स्वरसंगती ठरविताना फ्रिथने फिबोनाची श्रेणीचा आधार घेतला होता. स्टुडिओत ध्वनिफितीवर थरावर थर चढवून तिचे सुमारे बारा मिनिटांचे मुद्रण सिद्ध झाले होते. उडिने येथे थर चढविण्याची सोय नव्हती. होती ती फक्त माणसे. तेथे तीच रचना सोळा मिनिटांच्या पुढे जाते, मध्ये मोकळी होते, वादक परस्परांना ऐकत थांबतात आणि पुन्हा लिहिलेल्या स्वरांवर येऊन मिळतात. लिहिलेले आणि सुचलेले यांच्यातील सीमारेषा पुसली जाते. आपल्याकडील ख्यालगायनाच्या श्रोत्यास यात नवल वाटू नये. बंदिश दोन ओळींची असते; तिचे गाणे मात्र प्रत्येक बैठकीत पुन्हा कमवावे लागते.

येथे अर्थशास्त्राचा संबंध येतो. यंत्रे, इमारती, साठा या रूपात गोठलेल्या श्रमांना मार्क्सने मृत श्रम म्हटले आणि काम करणाऱ्या माणसाच्या सजीव श्रमांशी त्यांचा काय संबंध असतो, हा प्रश्न भांडवलाच्या विवेचनात केंद्रस्थानी ठेवला. तबकडी हे गोठलेल्या श्रमांचे अगदी शुद्ध उदाहरण होय. एकदा वाजविले, की ते श्रम साच्यात बंद होतात आणि त्यांच्या लाखो प्रती निघतात; वादकाने पुन्हा बोट हलविण्याची गरज उरत नाही. ज्याच्या मालकीचा साचा, त्याला उत्पन्न. हे उत्पन्न नव्या निर्मितीचा मोबदला नव्हे. जमिनीच्या खंडाशी त्याचे नाते अधिक जवळचे आहे.

याचा पडताळा त्याच व्हर्जिन कंपनीत मिळतो. या कंपनीचे नशीब उघडले ते माइक ओल्डफील्ड यांच्या 'ट्यूब्युलर बेल्स' या १९७३ सालच्या ध्वनिमुद्रिकेने. ती अफाट खपली. ओल्डफील्ड यांच्या गुणवत्तेविषयी मला काही उणे बोलावयाचे नाही. तरुण वयात बहुतेक सारी वाद्ये स्वतः वाजवून केलेली ती विलक्षण कामगिरी होती. पण पुढे काय झाले ते पाहावे. १९७५ मध्ये तिचे डेव्हिड बेडफर्ड यांनी सिद्ध केलेले रूप रॉयल फिलहार्मोनिक वाद्यवृंदाच्या वादनाने बाजारात आले. १९९२ मध्ये दुसरा भाग आला, १९९८ मध्ये तिसरा, आणि २००३ मध्ये मूळ रचना आरंभापासून पुन्हा मुद्रित करण्यात आली. त्या १९९२ सालीच व्हर्जिनची ध्वनिमुद्रिका कंपनी थॉर्न ईएमआय या उद्योगसमूहाला विकली गेली होती. पुढे २०१२ मध्ये ईएमआयचा ध्वनिमुद्रण विभाग युनिव्हर्सलच्या हाती गेला. साचे एका मालकाकडून दुसऱ्याकडे गेले. त्यात गोठलेले श्रम ज्यांचे होते, त्यांचे मत कोणी विचारले असेल असे मानण्यास आधार नाही. युरोपीय संघाने २०११ च्या निर्देशान्वये ध्वनिमुद्रणावरील हक्कांची मुदत ५० वर्षांवरून ७० वर्षांवर नेली. १९७३ सालचे मुद्रण जुन्या नियमाने २०२३ च्या अखेरीस सर्वांचे झाले असते. आता त्यासाठी २०४३ ची अखेर गाठावी लागेल. केवळ मुदत लांबविल्याने पन्नास वर्षांपूर्वीचे गाणे अधिक चांगले होत नाही. खंड मात्र वाढतो.

काही कलावंत या खंडाविरुद्ध लढतातही. टेलर स्विफ्ट या अमेरिकन गायिकेने, आपल्या आरंभीच्या ध्वनिमुद्रणांची मालकी २०१९ मध्ये परस्पर विकली गेल्यावर, २०२१ पासून ती गाणी पुन्हा मुद्रित केली. श्रमिकाने आपल्या श्रमांवर हक्क सांगितला, म्हणून तिचे अभिनंदनच केले पाहिजे. पण त्या पुनर्मुद्रणाचा हेतू मुळाशी शक्य तितके साम्य राखण्याचा होता, कारण लढा मालकीचा होता. मालकी बदलली, रचना तीच राहिली. 'कॉन्सर्ट्स'मध्ये याच्या उलट घडते. साचा कंपनीचाच राहिला. संच व्हर्जिनच्याच 'कॅरोलाइन' या शाखेने काढला. परंतु साच्याबाहेर रचना जिवंत होती आणि वादकांनी ती आपल्या हातांत परत घेतली. मालकीचा प्रश्न यामुळे सुटला असे मी म्हणणार नाही. मालकी मिळाल्यानंतर काय करावयाचे, या प्रश्नाचे उत्तर मात्र त्यात आहे. कारखाना कामगारांच्या ताब्यात आल्यावरही तेथे जुन्याच पद्धतीने तोच माल निघू लागला, तर क्रांती फाटकापाशीच थांबली असे म्हणावे लागेल.

जुन्या रचनेकडे पाहण्याची आणखी एक तऱ्हा आहे, आणि ती डाव्यांच्या विशेष परिचयाची आहे. ती म्हणजे धिक्काराची. इंग्रज संगीतकार कॉर्नेलियस कार्ड्यू हा अवाँ-गार्द संगीतातील अग्रणी होता. माओवादी भूमिका स्वीकारल्यावर त्याने १९७४ मध्ये 'स्टॉकहाउझेन सर्व्हज इम्पीरियलिझम' हे पुस्तक लिहून आपल्या गुरुस्थानी असलेल्या संगीतकारावर तर तोफ डागलीच, पण कन्फ्यूशियसच्या वचनांवर आधारलेल्या 'द ग्रेट लर्निंग' या स्वतःच्या मोठ्या रचनेलाही आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. त्यानंतर तो साध्या चालींची, लढ्याची गाणी रचू लागला. कार्ड्यूचा प्रामाणिकपणा वादातीत आहे. त्याने स्वतःच्या कीर्तीचे नुकसान करून घेतले. परंतु काल जे केले ते पूर्णतः खोटे आणि आज जे सापडले ते पूर्णतः खरे, ही वृत्ती लोकशाही समाजवाद्याला मानवणारी नाही. या वृत्तीने पक्षांमध्ये काय अनर्थ केले ते आपण जाणतो. ठराव बदलला की कालचा इतिहास पुसून टाकावयाचा, हा धडा मॉस्को आणि पेकिंगने जगाला दिला आहे.

तथापि कार्ड्यूच्या बाजूने एक आक्षेप उरतोच, आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. हे संगीत ऐकले कोणी? गिरणीतून थकून आलेला कामगार मोडलेल्या तालांचे, कर्कश सुरांचे हे वादन ऐकत बसेल काय? मे १९७७ मध्ये लंडनच्या बॅटरसी भागात 'म्युझिक फॉर सोशॅलिझम' हा महोत्सव भरला होता. संगीत लोकांना सहज कळेल असे असावे, की श्रोत्याच्या ऐकण्याच्या सवयीच बदलणारे असावे, हा त्या सुमाराच्या डाव्या संगीतकारांमधला खरा वाद होता. आपल्या कलापथकांनाही हा वाद नवा नाही. लावणी, पोवाडा, लोकनाट्य यांचा साचा घेऊन शाहीर अमर शेख आणि अण्णाभाऊ साठे यांनी त्यात नवा आशय भरला, आणि मैदानेच्या मैदाने त्यांना ऐकत बसली. 'हेन्री काऊ'ला असे मैदान इंग्लंडमध्ये कधी लाभले नाही. त्यांना श्रोते मिळाले ते अधिक करून युरोप खंडात. इटलीत कम्युनिस्ट पक्षाच्या 'उनिता' महोत्सवांतून ते वाजवीत, आणि तेथे सहकुटुंब आलेले कामगारही असत. तरीही त्यांचा श्रोतृवर्ग लहान होता, हे मान्यच केले पाहिजे.

पण मान्य करताना एक विवेक राखावा. लोकांना काय कळते, हे बहुधा लोकांना न विचारताच ठरविले जाते. कंपनीचा विक्री-अधिकारी म्हणतो, हे खपणार नाही. पक्षाचा प्रचारप्रमुख म्हणतो, हे कळणार नाही. दोघांची भाषा वेगळी असली तरी श्रोत्याविषयीचा अनादर समान आहे. मार्च १९७८ मध्ये 'हेन्री काऊ'ने इटली, फ्रान्स, बेल्जियम आणि स्वीडनमधील समानधर्मी वाद्यवृंदांना लंडनला बोलावून 'रॉक इन ऑपोझिशन' या नावाने एकत्र जलसा केला. ध्वनिमुद्रिका कंपन्या लोकांपर्यंत पोचूच देत नाहीत असे संगीत, या आशयाचे त्यांचे घोषवाक्य होते. त्याच वर्षी कटलरने वितरणासाठी 'रेकमेंडेड रेकॉर्ड्स' ही स्वतंत्र संस्था काढली. संगीत समजत नाही ही तक्रार करण्यापूर्वी ते लोकांपर्यंत पोचविण्याचे साधन कोणाच्या हाती आहे, हा प्रश्न त्यांनी विचारला, आणि साधन उभे करून त्याचे उत्तर देण्याचा प्रयत्न केला. समाजवाद्याने प्रश्न याच क्रमाने विचारावयास हवेत.

हे मंडळ १९७८ मध्ये विसर्जित झाले. सामुदायिक जीवनाचा ताण मोठा होता, आणि अखेरच्या मुद्रणात गीतांना स्थान किती, यावर मतभेद झाले. तोडगा असा निघाला, की गीते 'आर्ट बेअर्स' या नव्या नावाने वेगळी प्रसिद्ध करावीत आणि मूळ मंडळाने केवळ वाद्यसंगीताची एक ध्वनिमुद्रिका करावी. ती 'वेस्टर्न कल्चर' १९७९ मध्ये त्यांच्या स्वतःच्या मुद्रेने निघाली. फुटतानाही त्यांनी परस्परांचे काम नष्ट होऊ दिले नाही. समाजवादी पक्षांच्या फुटींचा इतिहास ज्यांना तोंडपाठ आहे, त्यांनी या एका गोष्टीकडे जरूर लक्ष द्यावे.

यानंतरची एक हकीकत सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. लिंडसे कूपरने पुढे स्त्रीवादी भूमिकेतून मोठे काम केले. लंडनमधील शिवणकाम करणाऱ्या स्त्रियांच्या शोषणावर तिने संगीतरचना केली. परंतु मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या व्याधीने तिचे वादन हळूहळू हिरावून घेतले आणि २०१३ मध्ये तिचे निधन झाले. १९७८ नंतर विखुरलेले तिचे जुने सहकारी नोव्हेंबर २०१४ मध्ये लंडन, हडर्सफील्ड आणि इटलीतील फोर्ली येथे एकत्र आले आणि त्यांनी तिच्याच रचना वाजविल्या. बासूनवर ती नव्हती. तिच्या जागा दुसऱ्या हातांनी भरावयाच्या होत्या. चाळीस वर्षांपूर्वी गेलेल्या सॅक्सोफोनवादकाच्या जागी तिने जे केले होते, तेच आता तिच्या बाबतीत इतरांना करावे लागले. माझ्या मते वारसा या शब्दाचा अर्थ एवढाच आहे. जो गेला त्याची जागा रिकामी ठेवून तिला हार घालावयाचा नसतो, किंवा त्याची नक्कलही करावयाची नसते. आपल्या हातांना जे साधते त्याने ती जागा पुन्हा कमवावयाची असते.

आपल्या पक्षापाशी जुन्या रचना पुष्कळ आहेत. गाणी आहेत, तसेच कार्यक्रम, ठराव, जाहीरनामे आणि संघटनेच्या रीतीही आहेत. त्यांचे आपण दोनच उपयोग करीत आलो. काहींनी त्यांचे भांडवल केले. पूर्वजांच्या त्यागावर आजच्या उमेदवाऱ्या मागितल्या. काहींनी, काळ बदलला असे म्हणून, त्या रद्दीत टाकल्या. आठ तासांच्या दिवसाची मागणी ज्या कामगारासाठी लिहिली गेली, त्याला भोंगा होता, फाटक होते आणि हजेरीपत्रक होते. आज मोटारसायकलवरून घरोघर अन्न पोचविणाऱ्या मुलाला यातील काहीच नाही. त्याचा मुकादम त्याच्या खिशातील फोनमध्ये आहे. जुनी मागणी जशीच्या तशी वाचून दाखविली तर त्याला ती कळणार नाही. आणि ती टाकून दिली तर त्याच्यापाशी काहीच उरणार नाही. त्या मागणीचे स्वर घेऊन, त्याला सोबत बसवून, त्याच्या हातांना साधेल अशा रीतीने ती पुन्हा रचावी लागेल. त्यात काही ओळी गळतील, काही नव्याने येतील आणि चाल आपल्या ओळखीची राहणार नाही. आपणां म्हाताऱ्यांना ती कदाचित कर्कशही वाटेल.

तेव्हा येत्या वर्धापनदिनाला शाखांनी एक करून पाहावे, अशी माझी सूचना आहे. जुने गाणे जरूर म्हणावे. पण चाल बांधण्याचे आणि कडवी बदलण्याचे काम ज्यांनी ते कधीच म्हटलेले नाही, अशा तरुण मुलामुलींकडे सोपवावे. आणि ज्येष्ठांनी त्या दिवशी पहिल्या रांगेत बसून मुकाट्याने ऐकावे.